हन्नूरच्या स्टँडवरचे दादा

अक्कलकोट तालुक्यातलं हन्नूर. सुगीत गुरं कणसं खातात आणि न पचलेले दाणे शेणातून पडतात. संतामाई ते शेण गोळा करून पाण्यात धुते, दाणे उन्हात वाळवते, दळते. त्या पिठाची भाकरी ती स्वतः खाते. नातवाच्या ताटात चांगल्या ज्वारीची घालते. नातू हट्टानं तिच्या भाकरीचा तुकडा तोंडात घालतो. शेणाचा वास येतो, घास गिळवत नाही. आजी मात्र खात राहते.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तला (१९८४) हा प्रसंग. त्याच घरात दादा आहेत, महमूद दस्तगीर जमादार. एस.टी. स्टँडवर हमाली करणारे, संतामाईसोबत राहणारे मुसलमान. पोराशी त्यांचं रक्ताचं नातं नाही, पण आजोबा म्हणून तेच उभे आहेत.

समीक्षेच्या भाषेत ही दोघं ‘दुय्यम पात्रं’. हा शब्द त्यांना पुरत नाही. का, हे समजायचं तर जाणत्या वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मराठी गोष्टी जरा मागून वाचत याव्या लागतात.

१८९०मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येत होती. नायिका यमूच्या भोवतालची माणसं तिथे तिच्या कहाणीसाठी उभी केलेली आहेत. शंकरमामंजींचं नाव निघालं की वाचकाला धास्ती वाटावी, एवढंच त्यांचं काम. सुधारणेची बाजू मांडायची तर छळणारा असा ठसठशीत लागतो. यमूची मैत्रीण दुर्गी मात्र या चौकटीत मावत नाही. नवऱ्यापायी तिच्या आयुष्याची झालेली परवड आजही वाचवत नाही. पण तिच्याकडे आपण बघतो ते यमूच्याच डोळ्यांनी.

‘श्यामची आई’नं (१९३५) तर सोबतच्या माणसालाच शीर्षकात बसवलं. श्याम सांगणारा, गोष्ट आईची.

खरी उलथापालथ ‘बनगरवाडी’त (१९५५) होते. सांगोल्याला लागून असलेला आटपाडीचा मुलूख, तेव्हा औंध संस्थानातला. धनगरांच्या वाडीवर कोवळा मास्तर येतो, राजाराम सौंदणीकर. सांगणारा तोच, पण वाडी त्याच्यासाठी थांबलेली नाही. पोरं मेंढरांमागे, शाळा ओस. म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो, मग अंजी नावाच्या मुलीच्या चोळीवरून मनात किंतु धरून तुटक वागू लागतो. वाडीतल्या शेकूकडे एकच बैल. त्याची धडधाकट बायको जुवाच्या दुसऱ्या बाजूला खांदा देते. व्यंकटेश माडगूळकर या बाईवर एक हळहळीचं वाक्य खर्चत नाहीत. काम होतं, तिनं केलं. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडतात आणि मास्तरालाही निघावं लागतं. तो तिथे शहाणा झाला खरा, पण त्याला शहाणं करायला म्हणून त्या वाडीत कुणीच जगत नव्हतं. मराठी कादंबरीनं इथे दुय्यम माणसाला त्याचं स्वतःचं आयुष्य परत दिलं.

‘अक्करमाशी’ याच्याही पुढे जाते. ती कादंबरी नव्हे, आत्मकथन. लेखकाला सोयीनं माणसं घडवायची मुभाच नाही. बारा माशांचा एक तोळा, अकरा मासे म्हणजे उणं. त्या वजनकाट्यावरून गावानं अनौरस पोराला ‘अक्करमाशी’ हे नाव दिलं. आई मसामाई भूमिहीन महार, जन्मदाता बासलेगावचा पाटील, सांभाळणारे दादा मुसलमान. मग मी कोण? या प्रश्नाचं उत्तर नायकाकडे नाहीच, ते या भोवतालच्या माणसांत विखुरलेलं आहे. त्यातलं एक वगळलं तर नायकही उरत नाही. बाजूचं माणूस बाजूला ठेवण्याची सोयच या पुस्तकानं मोडून काढली, आणि हे त्याचं फार मोठं देणं आहे.

दादांसारखा एक माणूस चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (१८६०-६१) भेटतो. जो गार्जरी, पेशानं लोहार. पोरका पिप हा त्याच्या बायकोचा भाऊ, पण जो त्याला पोटच्या पोरासारखं वाढवतो. पुढे पैसा आल्यावर लंडनमध्ये पिपला त्याच्या गावंढळपणाची लाज वाटते आणि ती लाज ओळखून जो मुकाट परत फिरतो. पिप पुढे पश्चात्ताप करतो, जोची क्षमा मागतो.

हन्नूरच्या गोष्टीला अशी सुटका नाही. नातवाला आडनाव पाटलाचं लागलं. जमादार हे आडनाव त्या पोराला मिळण्याची वाटच नव्हती. दादा स्टँडवर लोकांची ओझी वाहत राहिले, आणि त्या हमालीच्या पैशात त्या पोराचाही वाटा असायचा.