वावरातच राहणाऱ्याला काय द्यावं?

रिठदला ‘निसर्गप्रेमी’ हा शब्द कोणी कोणाला लावत नाही. पुण्या-नागपुरात जो माणूस दर रविवारी गड चढतो, पाखरांचे फोटो काढतो, त्याच्यासाठी तो शब्द आहे. आमच्याकडे तसा कोणी असला तर लोक म्हणतात, “त्याचं काय, तो वावरातच राह्यते.” त्या म्हणण्यात थोडं कौतुक असतं, थोडी कीव. घरी कूलर असताना जो उन्हाळ्यात खळ्यावर बाज टाकून निजतो, हरभरा निघाल्यावरही ज्याचं जागलीला जाणं सुटत नाही, कोणत्या बाभळीवर सुगरणीचे किती खोपे आहेत आणि यंदा किती कमी झाले हे ज्याला तोंडपाठ असतं, तो हा माणूस. माझे मोठेबाबा त्यातले. रिठद हे काही जंगलातलं गाव नव्हे. वाशीम जिल्हा, रिसोड तालुका. काळी जमीन, खरिपात सोयाबीन-तूर, रब्बीत हरभरा-गहू. रान म्हणाल तर धुऱ्यावर, नाल्याकाठी आणि ई-क्लासच्या जमिनीवर उरलं तेवढंच. तेवढ्यातही एखाद्याचा जीव रमतो.

आता अशा माणसाला भेट द्यायची वेळ आली की पंचाईत होते. त्याला लागत काही नाही. आणि जे काही द्यावं ते कुठून तरी ओरबाडूनच आलेलं असतं: कुठल्या तरी जमिनीतून, पाण्यातून, नाहीतर कोणाच्या तरी हातांतून. ज्याचा जीव रानावर आहे, त्याला खुश करायला रानच थोडं कमी करायचं, असा हा पेच आहे. शहरात त्यावर उत्तर तयार मिळतं. वस्तूवर हिरवं पान छापलेलं असतं आणि खाली ‘पर्यावरणपूरक’ असं लिहिलेलं असतं.

आमच्याकडे लग्नात-तेरवीत टोपी-दुपट्टा देतात. त्याची पुष्कळ चेष्टा होते. एकाच्या घरून आलेला दुपट्टा दुसऱ्याच्या लग्नात जातो, तिथून तिसऱ्याच्या, आणि घडी न मोडता तो पाच-सहा गावं फिरून कधीकधी मूळ घरी परततो. मला ही रीत वाटते तितकी हास्यास्पद वाटत नाही. मान पोचतो आणि कापड नवं लागत नाही. फक्त अलीकडे दुपट्टे इतके विरविरीत यायला लागले की पाच गावं फिरण्याआधीच त्यांचं पोतेरं होतं.

माझा एक भाचा पुण्यात असतो, ट्रेकिंग करतो. त्याने एकदा मोठेबाबांसाठी मोठ्या प्रेमाने चार्जिंगची बॅटरी आणि पावसाळी जॅकेट आणलं. जॅकेट चांगलं निघालं, अजून आहे. बॅटरीचा उजेड असा की मचाणावरून टाकला तर रोह्याचे डोळे दोन वावरं पलीकडे चमकत. दोन पावसाळ्यांनंतर ती बंद पडली. रिसोडला दाखवली, वाशीमला दाखवली. ती उघडतच नाही म्हणाले. मोठेबाबांनी ती खिळ्याला टांगून ठेवली. “पोराची आठवन हाय,” म्हणाले. म्हणजे भेट म्हणून ती चालली. पण जी दुरुस्त होत नाही ती वस्तू, तिच्यावर कितीही हिरवी पानं छापा, शेवटी नाल्यातच जायची.

मोठेबाबांना पंचाहत्तरावं लागलं तेव्हा पुतण्यांपैकी एकाने टूम काढली की पंचाहत्तर झाडं भेट द्यायची. रोपं नर्सरीतून आणायची, वावरात लावायची, प्रत्येकाने एकेका रोपाशेजारी उभं राहायचं. ही कल्पना हवेतून आली नव्हती. २०१६ च्या १ जुलैला राज्यात दोन कोटी झाडं लावायची मोहीम झाली, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा, आणि २०१९ साली तेहतीस कोटींचं लक्ष्य होतं. तेव्हापासून शाल-श्रीफळाच्या जागी रोप द्यायची पद्धत आमच्याकडच्या सभा-समारंभांत चांगलीच रुजली. रोपं किती रुजली ते ज्या त्या गावाने पाहावं.

मोठेबाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पानी कोन टाकन?”

कोणी बोललं नाही. मग त्यांनीच हिशोब मांडला. विहीर मार्चातच तळाला जाते. पंचाहत्तर रोपांना आठवड्यातून दोनदा एकेक बकेट म्हटलं तरी आठवड्याच्या दीडशे बकेटा. फेब्रुवारीपासून मृग लागेपर्यंत अठरा-एकोणीस आठवडे. अडीच हजारांवर बकेटा झाल्या, आणि त्याही पंचाहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातून. “जगवाले मी, अन् फोटो तुमचा,” ते म्हणाले. राग नव्हता, हसतच म्हणाले. पण त्या एका वाक्यात रोप देण्यातली खोच उघडी झाली. रोप ही वस्तू नसून काम आहे, आणि आपण ते काम दुसऱ्याच्या अंगावर घालून वर त्याचे आभार मिळवतो. देणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षं पाणी घातलं तर ती भेट. नाहीतर ती वेठ.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दान करताना देश, काळ आणि पात्र पाहावं असं सांगितलं आहे. आमच्या सप्ताहात कीर्तनकार त्यावर तासभर बोलतात, आणि बोलतात ते बहुतेक पात्रावरच. घेणारा लायक आहे का, एवढंच. वस्तू आली कुठून, तिची किंमत कोणी चुकवली, यावर कीर्तन झालेलं मी तरी ऐकलं नाही.

कापडी पिशवीचंच घ्या. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि पाहता पाहता कापडी पिशवी ही सगळ्यांत निर्मळ भेट होऊन बसली. संक्रांतीचं वाण पिशवी, वाढदिवसाला पिशवी, शिबिराला पिशवी. खुंटीला वीस पिशव्या आणि बाजाराला जाताना एकही हाताशी नाही, असं घरोघरी झालं. पण पिशवी कापसाची आणि कापूस आमचा वऱ्हाडाचा. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कापूस झाडालाच लागतो, मातीत कुजतो, सगळं खरं. तरी त्या पिशवीचा धागा मोकळा केला तर पाठीवरचा पंप कुठेतरी सापडेलच. म्हणून पिशवी देऊ नये असं मी म्हणत नाही. जुन्या लुगड्याची शिवून द्या, ती दहा वर्षं वापरू द्या. नवी आहे, कापडी आहे, म्हणून ती निष्पाप आहे एवढं मात्र मानू नका.

गोडंबीचं तसंच. थंडीत गोडंबीचे लाडू पाठवणं हे आमच्याकडचं फार मानाचं पाठवणं. रानमेवाच तो, त्याच्यासाठी झाड तोडावं लागत नाही. पण बिबा फोडताना तेल उडतं, आणि ते अंगावर उततं. बिबे फोडणाऱ्या बायांची बोटं ज्याने पाहिली, त्याला लाडू गोड लागतोच, पण तो चार दाणे जास्त पैसे देऊन घेतो. घासाघीस करत नाही.

या सगळ्यात मला जास्त विचार करायला लावतं ते दसऱ्याचं सोनं. आपट्याचं पान हे जगातलं किती साधं देणं! त्याला ना गाठ ना कागद, आणि देताना थोरांच्या पाया पडायचं. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाशीमच्या बाजारात पाहावं: फांद्याच्या फांद्या ओरबाडून गठ्ठे बांधलेले. आपटा पुरत नाही म्हणून कांचनही तोडतात. पान मोठं, दिसायला सारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सोनं उकिरड्यावर.

आता यामागची गोष्ट आठवा. वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा मागायला रघुराजाकडे आला. राजाने यज्ञात सगळं देऊन टाकलेलं, म्हणून त्याने कुबेरावर चालून जायचं ठरवलं, आणि कुबेराने आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पाडला. सोनं पडलं पुष्कळ. कौत्स म्हणाला, मला चौदा कोटींवर एकही मोहर नको. राजा म्हणाला, तुझ्यासाठी आलेलं मी परत घेणार नाही. उरलेलं झाडाखाली राहिलं आणि लोकांनी नेलं. म्हणजे हा सण ज्या ढिगातून निघाला, तो ढीग दोन माणसांनी ‘जास्तीचं नको’ म्हटल्यामुळे उरला होता. आपण त्यातलं ‘लुटणं’ तेवढं धरून ठेवलं. मोठेबाबांकडे दसऱ्याला पोरं येतात तेव्हा ते नाल्याकाठच्या आपट्याची खाली पडलेली पानं देतात. एकेकच, तीही कधी किडीने खाल्लेली. पोरांच्या आया कुरकुरतात. पोरांना काही वाटत नाही.

सलीम अलींच्या लहानपणची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना हवेची खेळण्यातली बंदूक दिली होती. तिने त्यांनी एक चिमणी पाडली, आणि तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राला त्या पडलेल्या चिमणीचंच नाव आहे. मिलार्डने दिलं ते खरं देणं, बंदूक वाईट, असं म्हणून मोकळं होता येत नाही. बंदूक नसती तर चिमणी हातात आली नसती. पण बंदूक देऊन मामांचं काम संपलं होतं. मिलार्डने आपली दुपार दिली, आणि ती कुठल्या पाखराच्या वाट्यातून आली नव्हती.

हे वाचून मीही एकदा मोठेबाबांना कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात घेऊन गेलो. आपल्याच जिल्ह्यातलं, एसटीने जाता येण्यासारखं. काळविटांचा कळप दिसला, एक नर तर अगदी जवळून उड्या घेत गेला. मोठेबाबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “घरी रातभर हाकलतो अन् इथं भाडं भरून पाह्यतो.” त्या रात्री त्यांच्या हरभऱ्यात जागलीला माणूस नव्हता, तेव्हा त्या भेटीचीही किंमत कोणीतरी चुकवलीच असणार. हरभरा नाहीतर रोही, दोघांपैकी एकाने.

पंचाहत्तरीच्या दिवशी शेवटी रोपं आली नाहीत. जेवणं झाली, टोपी-दुपट्टे झाले. मग धाकटे काका उठले. दोघा भावांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर एक निंब आहे. त्याची सावली काकांच्या बाजूला पडते, दोन तासं सोयाबीन दबतं, ट्रॅक्टर वळत नाही; म्हणून तो काढायचा असं ते कित्येक वर्षं म्हणत होते. मोठेबाबांची बाज उन्हाळ्यात त्याच निंबाखाली. होले, राघू, कोतवाल, सगळा संसार त्यावर. काका म्हणाले, “दादा, तो निंब आता तुमचा. म्या त्याले हात लावनार नाई.”

“अन् तासं?” मोठेबाबांनी विचारलं.

“जाऊ द्या दोन तासं.”

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. बऱ्याच पाहुण्यांना काही दिलं गेलं हे कळलंही नाही.

याला भेट म्हणावं का, यावर नंतर घरात चांगला वाद झाला. काकांचा मुलगा, जो आता शेती पाहतो, त्याचं म्हणणं असं: धुरा दोघांचा, निंब दोघांचा. तो एकट्याने तोडायचा हक्क बाबांना नव्हताच. जे करायचा हक्क नाही ते न करणं, ही भेट कशी? आणि दुसरं, जे मला जास्त बोचलं: “देल्लं बाबांनं, पन तासं तं माही जातीन.” खरंच आहे. बापाने शब्द दिला, पैसे मुलाच्या खिशातून जाणार, तेही दरवर्षी.

पहिल्या मुद्द्यावर मी त्याला म्हटलं की हक्क अर्धा होता, पण भांडण पूर्ण होतं. ते रोज करायची सवलत काकांनी सोडली, आणि गावात अशी सवलत सोडणारा माणूस शंभरात एक. दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. एवढंच दिसतं की पिशवीची किंमत यवतमाळातला कोणी फवारणारा चुकवतो आणि आपल्याला त्याचं तोंड दिसत नाही. निंबाची किंमत चुकवणारा मात्र समोर उभा आहे. तो तक्रार करतो, वाद घालतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. कुणाचंच काही न घेता दिलेली भेट मला अजून कुठे सापडली नाही. असलीच तर निदान ती अशी असावी, की घेतलं कोणाकडून ते धुऱ्यावर उभं राहून दिसावं.

चुलतभावाने यंदा निंबाच्या सावलीतल्या त्या दोन तासांत सोयाबीनऐवजी हळद लावली आहे. हळदीला थोडी सावली चालते, असं त्याला रिसोडकडच्या कोणी हळदवाल्याने सांगितलं. गड्डे भरले की नाही ते काढणीच्या वेळी कळेल. तोवर मोठेबाबांची बाज निंबाखाली आहे, आणि ट्रॅक्टर वळवताना हा अजून शिव्या देतो.