सोप्या शब्दांची जबाबदारी

अवघड इंग्रजी शब्द दिसला की आपण लगेच फोनवर शोधतो. सोपा शब्द कुणी शोधत नाही. तो आपल्याला येतोच, असं आपण धरून चालतो.

पासपोर्ट उघडून बघा. त्यात राष्ट्रपतींच्या नावाने विनंती आहे, की या व्यक्तीला ‘लेट’विना जाऊ द्यावं. ‘टू लेट’च्या पाट्या वाचत मोठे झालेले आपण इथे गोंधळतो. हा ‘लेट’ म्हणजे अडथळा. जुन्या इंग्रजीत ‘जाऊ देणं’ आणि ‘अडवणं’ यांसाठी दोन वेगळे शब्द होते. पुढे दोघांचं रूप एकच झालं.

इथे अर्थ चुकला तरी कुणाचं काही बिघडत नाही. ‘सेव्ह’चं तसं नाही. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि कलम ३०० अ आणलं. त्याचा आशय असा, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. यातल्या ‘शिवाय’साठी इंग्रजीत ‘सेव्ह’ आहे. फोटो सेव्ह करणाऱ्या आपल्याला त्यात ‘वाचवणं’ दिसतं. कायदा जमीन वाचवेल असं वाटतं. खरं तर कायदा जमीन घेऊ शकतो, मात्र घ्यायची तर कायद्यानेच. आमच्या ठाणे जिल्ह्यात समृद्धी महामार्गासाठी, बुलेट ट्रेनसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यासाठी हा फरक नुसता शब्दकोशातला नाही.

आणि या शब्दाचा आधारही मिळतो. हिमाचलमध्ये १९६७-६८ साली एका निरक्षर बाईची जमीन भूसंपादन न करताच रस्त्यासाठी घेतली गेली. २०२० साली, ती ऐंशीची असताना, सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई द्यायला लावली.

मग अर्थ समजून घेण्याची जबाबदारी कुणाची? आधी लिहिणाऱ्याची. याच राज्यघटनेत कराबद्दलच्या कलम २६५ मध्ये सरळ ‘एक्सेप्ट’ लिहिलंय. म्हणजे सोपा पर्याय होता.

पण लिहून झालेल्या कागदाचं काय? डोंबिवलीत आमच्या मजल्यावर पुनर्विकासाचा इंग्रजी मसुदा आला की शेजारच्या काकू मला वाचायला सांगतात. मी ‘ठीक आहे’ म्हटलं की त्या सही करणार. माझी समजूत तिथे माझ्यापुरती राहत नाही. तिच्यावर त्यांचं घर उभं असतं. म्हणून मी येणारे शब्दही शोधतो, आणि तरी शंका उरली तर स्पष्ट सांगतो, ‘काकू, आज सही नको. आधी वकिलाला दाखवू.’