माळ्याने मागितलेले एक वर्ष

लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आपण पुष्कळदा ऐकला आहे. तीन वर्षे फळ न मिळाल्यामुळे धनी ते तोडावयास सांगतो, आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. मुदतीत तो काय करणार, हे मात्र आपण घाईने वाचून जातो. तो मुळांभोवती खणणार व खत घालणार. झाडास बोल न लावता तो भुईकडे वळतो.

जेथे आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही उपनगरे दाटली आहेत, त्या साष्टीत पूर्वी भाताची खाचरे होती. पेरणीपूर्वी शेण, पाला व फांद्या पसरून राब भाजीत. त्याने तण मरते व राख मिळते, हे खरे. परंतु पाल्यातील बराचसा कस धुरासंगे निघून जातो. आता तेथे खाचरे थोडी व कचरा फार. देवनारला १९२७ पासून कचरा पडत आहे, आणि २०१६ साली तो ढीग पेटून उपनगरे धुराने कोंदली. मुलुंडची कचराभूमी २०१८ साली बंद करावी लागली. भाजीची देठे, साली, उष्टे हे भुईचे अन्न. तेच भुईवर ओझे होऊन बसले.

माळ्याचे काम सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदुरास शास्त्रीय रीतीने केले व १९३१ साली ग्रंथरूपाने मांडले. पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेण, मग गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व थोडी राख, असे थरावर थर द्यावे. ढीग ओलसर असावा, चिंब नसावा. तीनदा उलथून वारा द्यावा, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत होते. नुसत्या पाल्यास कुजण्यापुरते नत्र नसते. ते शेणमूत्र पुरविते. म्हणून गोठ्यातील माती फेकून देणे हे आम्हांस शेण जाळण्याइतकेच नुकसानीचे वाटते. ज्या घरी सरपण नाही, त्या माउलीने गोवऱ्या थापल्या तर तिला आम्ही दूषण देणार नाही. पण मूत्राची माती तर चुलीत जात नाही!

उपदेशकांनी मंदिराच्या आवारातील पाला जाळू नये. तेथेच पहिला ढीग रचावा. उन्हाळ्यात दोन फूट खोल खड्डा चालेल. पावसाळ्यात मात्र, साष्टीसारख्या दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाच्या मुलखात, खड्ड्यात पाणी साचून खत नासते. तेव्हा मृगापूर्वीच ते जमिनीवर काढून उंच ढीग करावा.