ज्ञानेश्वरी चिंतन – अध्याय तेरावा : नजरेची अहिंसा

काल आपण 'अदंभित्व' पाहिलं. आज त्याच सातव्या श्लोकातला पुढचा शब्द, अहिंसा. गीतेत तो नुसता एक शब्द आहे, भगवंतांनी ज्ञानाची लक्षणं मोजताना घेतलेलं एक नाव. माउली मात्र इथे थांबतात आणि पानामागून पानं थांबतात. घाईने पुढे सरकू नका, हा भाग सावकाश वाचायचा आहे.

अहिंसा म्हटलं की आपल्या डोक्यात मारणं, कापणं, फार तर मांसाहार येतो. माउली सुरुवात करतात पायांपासून. ज्ञानी माणूस चालतो कसा? पाण्यात पाऊल टाकणारा बगळा लाट फुटू देत नाही, तसा. कमळावर उतरणारा भुंगा केसर चुरगळेल या शंकेने हळूच पाय ठेवतो, तसा. मग बोलणं, मग नजर, मग हात, आणि या सगळ्याचं मूळ म्हणून मन. हातांबद्दल सांगताना तर ते म्हणतात की असा माणूस अंगावर बसलेलं चिलटसुद्धा झटकत नाही, मग पशुपक्ष्यांना भीती वाटेल असा हातवारा करणं दूरच राहिलं.

आज मला बोलायचंय ते मधल्या एका जागेबद्दल, नजरेबद्दल. पायाने जीव चिरडतो, शब्दाने मन दुखावतं, हे कळतं. पण बघण्याने हिंसा कशी होईल? माउली म्हणतात, प्रत्येक भूतामध्ये ती एकच वस्तू, ते ब्रह्म भरलेलं आहे. आपली नजर कदाचित तिला रुतेल, म्हणून हा माणूस बहुतेक वेळा बघतच नाही. आणि कधी आतल्या करुणेने डोळे उघडलेच, तर ते बघणं चंद्राच्या किरणांसारखं असतं. चंद्राकडून येणारी धार दिसत नाही, पण चकोराचं पोट त्यावर भरतं.

ही जागा मी आजवर अनेकदा वाचली, आणि खरं सांगायचं तर काव्य म्हणून पुढे गेले. नजर काय रुतणार! या वेळी मात्र अडकले, कारण मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला होता.

भाचा पक्ष्यांचे फोटो काढतो. चांगले काढतो. त्याला कोकणात एका ठिकाणी तिबोटी खंड्याच्या घरट्यासमोर बसायची संधी मिळाली आहे. ज्यांनी हा पक्षी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चिमणीपेक्षाही लहान दिसेल एवढा खंड्या, पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी. पोट पिवळं, डोकं केशरी-जांभळं, पाठ निळी. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलात, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून तो अंडी घालतो. रायगडकरांना तो आपला वाटतो. पिल्लं झाली की नर-मादी दोघं दिवसभर सापसुरळ्या, बेडूक, खेकडे आणून भरवत असतात. फोटोवाल्यांना नेमका तोच क्षण हवा असतो, चोचीत शिकार आणि समोर घरटं. पण पावसाळी आभाळ, वर झाडांची दाट छाया, खाली अंधार. म्हणून मग पक्षी जिथे येऊन टेकतो त्या काटकीच्या दोन्ही अंगांना फ्लॅश लावून ठेवतात. पक्षी आला की लखकन.

भाचा म्हणाला, "आत्या, तू रोज ज्ञानेश्वरीवर लिहितेस. मला सांग, हे पाप आहे का? ग्रुपवर नुसती भांडणं चाललीत."

पाप-पुण्याचा निवाडा करायचा अधिकार मला नाही, असं मी सांगितलं. तो चिडला. "मग वाचून उपयोग काय?" प्रश्न बरोबर होता त्याचा. म्हणून हे लिहितेय.

त्याची बाजू आधी नीट मांडते, कारण ती पोकळ नाही. फ्लॅश चमकतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता, कमी ताकदीवर त्याहूनही कितीतरी कमी वेळ. पावसाळ्यात विजा कडाडतात, तेव्हा पक्षी आंधळे होतात का? दिवसाउजेडी, लांबून, हलका फ्लॅश मारला तर पक्ष्याला त्याचं काही वाटत असेल असं त्याच्या वागण्यावरून दिसत नाही. 'फ्लॅशने पक्ष्यांचे डोळे जातात' असं सर्रास फिरणारं वाक्य आहे ना, ते मीही म्हणणार नाही. चांगल्या कामासाठी खोटी भीती घालणं मला पटत नाही. आणि तो म्हणतो, असे फोटो बघूनच लोकांना पक्ष्यांचं प्रेम लागतं, जंगल वाचतं.

हे सगळं मान्य करूनही काही गोष्टी उरतात.

दिवसाचं एक, रात्रीचं वेगळं. रात्री लाइट जाऊन परत आले की आपलं काय होतं ते आठवा. माणसाचा डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एक लख्ख झोत पडला की पुन्हा पहिल्यापासून. घुबड त्याच अंधारात उडतं, झाडांच्या फांद्या चुकवतं, उंदीर हेरतं, तेच त्याचं पोट. शिवाय घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, आपल्यासारखे ते इकडेतिकडे फिरवता येत नाहीत. बाजूला बघायचं तर सगळी मान वळवावी लागते. अशा जीवाच्या तोंडावर अंधारात, जवळून, एकामागून एक दहा-वीस फ्लॅश मारणं आणि दुपारच्या उन्हात बुलबुलावर एकदा मारणं, या दोन्हींना एकाच तराजूत घालून भांडण्यात अर्थ नाही. आणि विजेचं म्हणाल तर वीज कुणावर रोखलेली नसते. ती कुणाची वाट बघत काटकीशेजारी बसत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. भाचा म्हणतो, "तो हलतसुद्धा नाही गं. त्याला त्रास होत असता तर उडून गेला असता."

रातवा पक्षी पाहिलाय का कुणी? दिवसा पाचोळ्यात बसलेला असतो, आणि आपण अगदी पायाशी जाईपर्यंत हलत नाही. तो निवांत नसतो. न हलणं हेच त्याचं संरक्षण आहे. पाचोळ्यासारखा रंग, दगडासारखी स्थिरता, एवढीच त्याची ढाल. त्याला त्या स्थिरतेत बघून 'छान पोज देतोय' म्हणणं म्हणजे भीतीने गप्प बसलेल्या माणसाला 'याची काही तक्रार नाही' म्हणण्यासारखं. घरट्यावरचा खंड्या न उडण्याचं कारण आणखी वेगळं. बिळात पिल्लं आहेत. पहिल्या लखलखाटाला तो दचकून लांब फांदीवर जाईलही, पण परत येईल. पाच वेळा दचकला तरी सहाव्यांदा येईल. आपण त्याला 'सरावला' म्हणतो. त्याची ममता आपल्याला सोयीची पडते, एवढंच त्यात आहे.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या आहे. तिच्यात मारणं, पकडणं, सापळा लावणं तर येतंच, पण रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. प्रत्येक फोटो गुन्हा असतो असं मी म्हणत नाही, ते ठरवणारे वेगळे. मला नवल वाटलं ते या शब्दाचं. घरट्याच्या वाटेला जाणं यालाही कायदा सरळ शिकारच म्हणतो. फोटोवाल्यांची स्वतःची भाषाही ऐका, शूट, शॉट, कॅप्चर.

तो बगळ्याचा दृष्टांत परत आठवतो. बगळा किती हळुवार पाऊल टाकतो! पण माउलींनीच तिथे म्हटलंय की त्याची नजर भक्ष्यावर असते. तो मासा मारायला निघालाय. माउली अहिंसेसाठी त्याचं फक्त पाऊल उसनं घेतात. आणि लगेच शेजारी भुंगा आणून बसवतात, जो केसर दुखेल म्हणून जपतो. पाऊल दोघांचं सारखंच, मन निराळं. हाइडमध्ये सहा-सहा तास मुकाट बसणारे, खोकलासुद्धा दाबणारे फोटोवाले मी पाहिलेत. त्या संयमाला मी तपश्चर्याच म्हणत असे. आता वाटतं, तो संयम बगळ्याचा की भुंग्याचा, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

पक्ष्यांच्या फोटोंचा इतिहास चाळला तर एरिक होस्किंग हे नाव लागतं. इंग्लंडचा हा माणूस. रात्रीच्या पक्ष्यांचे फ्लॅशने फोटो काढणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी. १९३७ मध्ये घरट्याजवळच्या आपल्या लपणाकडे जात असताना टॉनी जातीच्या घुबडाने अंधारात झेप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. त्याने पक्ष्यांचे फोटो काढणं सोडलं नाही. पुढची पन्नासेक वर्षं काढत राहिला. १९७० साली आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच 'पक्ष्यासाठी एक डोळा' अशा अर्थाचं. मला ते घुबड विसरता येत नाही. त्याला फोटो, पुस्तक, कला काही माहीत नव्हतं. पिल्लांजवळ अंधारात कुणीतरी येतंय, एवढंच त्याला माहीत होतं. आपण प्रेमाने येतोय हे समोरच्या जीवाला कळायला काही मार्ग नसतो.

आता 'फोटोमुळे लोकांना प्रेम लागतं' या मुद्द्याकडे येते. या अहिंसेच्याच निरूपणात आधी माउलींनी एका विचाराची चांगलीच फिरकी घेतली आहे. एका जीवाला पिडून दुसऱ्याचं भलं करणं, आणि त्यालाच धर्म म्हणणं. राहती घरं पाडायची आणि त्या सामानातून देव्हारे बांधायचे. व्यापाऱ्यांना लुबाडायचं आणि त्या पैशातून अन्नछत्र घालायचं. याला काय म्हणावं, असा त्यांचा सूर आहे. या खंड्याला छळून त्या खंड्यांविषयी प्रेम निर्माण करायचं, हे मला त्याच रांगेतलं दिसतं. जंगल वाचावं म्हणून फोटो हवा, तर तो ओढ्याच्या वरच्या अंगाला, बिळापासून लांब, आहे त्या उजेडात थोडा धूसर आला म्हणून जंगल कमी वाचेल का?

भाच्याला मी एक गोष्ट विचारली, ती इथेही लिहिते. अजिंठ्याला गेलो होतो तेव्हा लेण्यांत फ्लॅश बंद होता. त्यानेही केला. 'एका फ्लॅशने रंग उडतो हे आधी सिद्ध करा' असं तिथे कुणी रखवालदाराशी भांडलं नाही. इतक्या शतकांचे रंग आहेत, परत येणार नाहीत, शंका आहे तर नको, असं सगळ्यांनी गुमान मानलं. मग भिंतीवरच्या चित्राला जी शंकेची सवलत मिळते, ती दरडीतल्या जिवंत खंड्याला का नाही? तिथेच का आपल्याला पुरावा हवा असतो?

भुंग्याच्या ओवीत मला नेमकं हेच सापडलं. केसर चुरगळतंच असं तो म्हणत नाही. चुरगळेल अशी शंका त्याला पुरते. नजर रुततेच असंही माउली म्हणत नाहीत. रुतेल कदाचित, एवढ्यावर तो माणूस डोळे आवरतो. शंकेचा फायदा कुणाला द्यायचा, बघणाऱ्याला की ज्याच्याकडे बघायचं त्याला, हा खरा प्रश्न आहे. आणि ज्ञानेश्वरीत तो फायदा दर वेळी समोरच्याला दिलेला आहे.

आपल्या जुन्या देवळांचे गाभारे आठवा. आत मिट्ट काळोख. पुजारी निरांजन उचलून देवाच्या मुखासमोर धरतो, तेवढ्यापुरतं मुख दिसतं, पुन्हा सावली. जास्त उजेड असता तर जास्त दर्शन झालं असतं असं आपल्याला कधी वाटलं नाही. दर्शन 'घेतलं' म्हणतो आपण, पण त्यात देवाकडून काही काढून घ्यायचं नसतं.

भाचा फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, पण तसला फोटो माझ्याकडे नाहीच गं अजून." त्या वाक्यात किती ओढ होती! मी त्यावर काही बोलू शकले नाही. एकादश स्कंधात अवधूताने पतंगाला गुरू केलं आहे, रूपाच्या ओढीने ज्योतीत उडी घेणारा म्हणून. इतकी वर्षं मी तो दृष्टांत विषयी माणसाचा म्हणून वाचत आले. रूप पक्ष्याचंही असतं, आणि ओढ चांगल्या पोरांनाही लागते.

त्याचं जायचं ठरलेलंच आहे, तारीख पुढच्या शनिवारची. फ्लॅशचं सामान नेणार की नाही ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. निघायच्या आधी चकोराच्या ओव्या तेवढ्या वाच, असं म्हटलं. "पाठव," म्हणाला. पाठवल्या आहेत.

उद्या 'क्षांती' घेऊ.

राम कृष्ण हरी.