वर आल्यानंतरचा तास

डाइव्ह संपवून बोटीवर चढलो की माझी नजर पहिल्यांदा मनगटाकडे जाते. तिथल्या कंप्युटरने तोवर खोलीचा आकडा पुसून दुसरंच घड्याळ सुरू केलेलं असतं: वर येऊन किती वेळ झाला. दोन डाइव्हमधला हा वेळ म्हणजे सरफेस इंटरव्हल. तो आकडा मी दर थोड्या वेळाने बघतो, आणि आपण जबाबदार डायव्हर आहोत अशी स्वतःची समजूत घालतो. पण मी बघत काय असतो? शरीराचं काय चाललंय ते? की पुन्हा उतरायची परवानगी कधी मिळणार ते? खरं सांगायचं तर परवानगीच.

अंदमानात स्वराज द्वीपवरून, म्हणजे जुन्या हॅवलॉकवरून, सकाळी निघणाऱ्या बोटी बहुधा दोन डाइव्ह करून परततात. मधला तासभर बोटीवरच जातो. चहा, बिस्किटं, आत्ता दिसलेल्या कासवाच्या गप्पा. या तासाला मी मनातल्या मनात रिकामा वेळ म्हणत आलो, आणि माझी घाई तिथूनच सुरू होते. कारण तो रिकामा नसतो. समुद्रात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. 18 मीटरवर आपण जवळजवळ तिप्पट दाबाची हवा ओढत असतो, आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत जातो. वर आल्यावर तोच उलट वाटेने, फुप्फुसांवाटे, बाहेर पडू लागतो. त्याला त्याचा वेळ मिळाला नाही तर बुडबुडे होतात. कधी नुसते सांधे दुखतात, कधी पाय लुळे पडतात. म्हणजे मी चहा पीत असतो तेव्हा डाइव्हचा उरलेला भाग चालूच असतो. फक्त त्यात मला करण्यासारखं काही नसतं. मला तेच सोसत नाही का?

हा नायट्रोजन कंप्युटर मोजतो, असं बरेच जण धरून चालतात. मीही किती दिवस तसंच धरलं होतं. तो शरीरातलं काहीच मोजत नाही. त्याला बाहेरचा दाब कळतो आणि वेळ कळतो, बाकी सगळं गणित. त्या गणिताची सुरुवात जॉन स्कॉट हाल्डेन यांच्यापासून झाली. ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी बकऱ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले. त्रास झालेली बकरी पुढचा पाय उचलून धरायची, तेवढीच तिची तक्रार. 1908 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात शरीराचे पाच कप्पे कल्पिले होते. कुणी 5 मिनिटांत अर्धा भरतो किंवा अर्धा रिकामा होतो, कुणी 10, 20, 40, तर सगळ्यात मंद 75 मिनिटांत. पुढे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमन यांनी 16 कप्पे धरले. त्यांतला शेवटचा अर्धा रिकामा व्हायलाच 635 मिनिटं लागतात. आज कित्येक डायव्हरांच्या मनगटावर हेच गणित चालतं. स्क्रीन काळी झाली तरी आत ते चालू राहतं.

एकदा कागद घेऊन बसलो आणि आमच्या त्या तासाचा हिशोब मांडला. 5 मिनिटांचा कप्पा तासाभरात जवळपास स्वच्छ होतो. 109 मिनिटांचा एक कप्पा आहे, त्यातल्या जादा नायट्रोजनपैकी दोन तृतीयांशाहून थोडा अधिक तसाच उरतो. 635 मिनिटांच्या कप्प्यातून जेमतेम सहा टक्के निघून जातो. तो पुरता मोकळा व्हायला अडीच दिवसांहून जास्त लागतात. म्हणजे आठवडाभर रोज डाइव्ह करणाऱ्या माझ्या शरीरात तो कप्पा त्या आठवड्यात कधी मोकळा होतच नाही. आणि मी रोज सकाळी ‘फ्रेश’ वाटतंय म्हणतो! वाटतं ते खरंच असतं. पण वाटण्याचा आणि त्या कप्प्याचा काही संबंध आहे का?

आता जे सांगायचं ते जरा कठीण आहे. बहुतेक कंप्युटरमध्ये सावधगिरीची पायरी वर-खाली करता येते. थकवा असेल, पाणी थंड असेल, वय वाढलं असेल तर पायरी वर न्यावी, मग तो पाण्याखाली राहायला मिनिटं कमी देतो. माझं वय वाढलंय. आदल्या रात्रीची झोप धड झालेली नसते हे मला ठाऊक असतं. तरी माझी पायरी खालीच राहिली. कुणी विचारलं तर ‘कंपनीने दिली तशीच ठेवलीय’ हे उत्तर तयार होतं. खोटं नव्हतं ते. पण खरं होतं का?

याहून क्षुद्र गोष्ट माझ्या बडीच्या बाबतीतली. बडी म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, माझी हवा संपली तर त्याची मला देणारा. त्याचा कंप्युटर वेगळ्या कंपनीचा, त्याचं गणित अधिक जपून चालणारं. तीच डाइव्ह, तोच तासभर बोटीवर, तरी दुसऱ्या डाइव्हला त्याला माझ्यापेक्षा कमी मिनिटं मिळतात. आणि शिकवलेलं असं की जो कंप्युटर कमी देईल त्याचं दोघांनी ऐकायचं. मी ऐकतो. पण वर जाण्याचा अंगठा त्याने दाखवला की माझ्या मनात जे उठतं त्याला राग हाच शब्द आहे. याच्यापायी माझी मिनिटं गेली. त्याचा आकडा बरोबर असेल आणि माझा चुकीचा, ही शक्यता तेव्हा मनाला शिवतही नाही. ज्याच्या भरवशावर मी खाली उतरतो, त्याच्याशी मी मिनिटांचा हिशोब करत असतो.

एकदा तर मन याच्याही पुढे गेलं. भाड्याच्या कंप्युटरबद्दल बोलणं चाललं होतं. सकाळी एक वापरला आणि दुसऱ्या डाइव्हला दुसराच हाती आला, तर त्या दुसऱ्याच्या लेखी तुम्ही आज पाण्यात गेलेलाच नसता. तो पूर्ण मुदत देतो. म्हणून एकाने एकच वापरायचा, दिवसभर. हे ऐकताना माझ्या मनात आलं, म्हणजे बदलून घेतला तर मिनिटं वाढतात! मी तसं केलं नाही, करणारही नाही. पण विचार अगदी सहज आला, युक्तिवादासकट आला. फसवणार होतो कुणाला? स्वतःच्याच रक्ताला?

मग वाटतं, यंत्रामुळे आपण असे झालो का? 1983 साली ऑर्का कंपनीचा ‘एज’ हा कंप्युटर बाजारात आला, त्याआधी डायव्हर तक्ते घेऊन उतरायचे. वर आलेली वेळ स्वतः पाटीवर लिहायची, शरीरात किती नायट्रोजन उरलाय ते सांगणारं आपलं अक्षर तक्त्यात शोधायचं, जितका वेळ वर बसू तितकं ते अक्षर खाली सरकायचं. हाताने लिहिताना माणूस जास्त प्रामाणिक राहत असेल, असं म्हणायचा मोह होतो. पण चाळीस मिनिटांचे पंचेचाळीस पाटीवरही लिहिता येतात. कंप्युटरने निदान तेवढी सोय काढून घेतली. दोष त्याचा नाही.

मला आता दिसतंय ते असं: यातला प्रत्येक आकडा ‘निदान इतकं तरी’ म्हणून दिलेला असतो, आणि मी तो ‘एवढं पुरे’ म्हणून वाचतो. विमानाचंच घ्या. अनेक दिवस, अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जमिनीवर काढावेत, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क सांगतं, कारण विमानात दाब आणखी उतरतो. श्री विजयपुरमहून, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरहून, परतीचं तिकीट काढताना मी त्या 18 तासांपासून उलट मोजत येतो आणि शेवटची डाइव्ह कुठवर सरकवता येईल ते पाहतो. ‘किमान’ माझ्यापर्यंत पोहोचतच नाही.

सध्या दोन गोष्टी केल्यात. पायरी एकाने वर नेली. आणि बडीशी ठरवलं की मधल्या तासात, स्क्रीन बघण्याआधी, एकमेकांना तोंडाने विचारायचं: झोप झाली होती का, पाणी प्यालास का, कुठे दुखतंय का? कंप्युटरला यातलं काहीच कळत नाही. बोटीच्या शिडीवर मला धाप लागली, की उन्हात उलटी झाली, त्याच्या गणितात मी शांत बसलेलाच असतो.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी खरी देतो. तिसऱ्यापाशी अडतो. खांदा दुखला तर ‘सिलिंडर उचलला म्हणून’ हे कारण कुणाही डायव्हरच्या जिभेवर तयार असतं. बेंड्सची, म्हणजे त्या बुडबुड्यांच्या आजाराची, सुरुवात अशा सबबींखाली दडून राहते, म्हणून उपचाराला उशीर होतो, हे शिकताना सगळ्यांना सांगितलेलं असतं. मलाही ते पाठ आहे. पण बोट भरलेली, दुसऱ्या डाइव्हचे पैसे भरलेले, समोर निवळशंख पाणी, आणि दुखणं अगदीच बारीक. तेव्हा मी ‘हो, दुखतंय’ म्हणेन का? आज, घरी बसून, म्हणेन असं लिहायला हात धजत नाही. म्हणून त्याला सांगून ठेवलंय की तिसरा प्रश्न मला दोनदा विचार.