दुःखाचा हेतू आणि ख्रिस्ती श्रद्धा

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे पाहून येशूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. देवाचे कार्य या माणसाच्या ठायी दिसावे एवढेच तो म्हणतो आणि लगेच कामाला लागतो. थुंकीने माती कालवून ती त्याच्या डोळ्यांना लावतो व शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. दुःखाविषयीच्या ख्रिस्ती विचाराचा रोख या प्रसंगात आहे. हे का घडले याचा हिशेब तिथे मांडला जात नाही. यातून आता काय घडू शकते, इकडे लक्ष वळवले जाते.

शिष्यांचा प्रश्न खानदेशाला परका नाही. फैजपूर-रावेर पट्ट्यात घडांनी लगडलेली केळीची बाग वादळात एका रात्रीत आडवी होते, कर्ज मात्र उभेच राहते, आणि घरातले कोणीतरी म्हणते, भोग आहेत, भोगल्याशिवाय सुटका नाही. या समजुतीत एक आधार आहे. जग अंदाधुंद चालत नाही, केल्याचे फळ मिळते, असा भरवसा तीत असतो. पण तिची दुसरी बाजू कठोर आहे. आजारी मूल, तरुण विधवा, कुष्ठरोगी यांच्या वाट्याला दुःखाबरोबर दोषही येतो. बायबलमधील ईयोब निर्दोष असूनही सर्वस्व गमावतो, आणि त्याचे मित्र हेच करतात. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट बसतात, तोवर सारे ठीक असते. मग ते बोलू लागतात आणि तुझ्या हातून काहीतरी घडलेच असणार, असे त्याला पटवू पाहतात. ईयोब ते मानत नाही. तो थेट देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. ईयोबाला त्याचे वैभव परत मिळते, पण आपल्यावर हे सारे का आले, हे त्याला अखेरपर्यंत सांगितले जात नाही.

म्हणूनच ख्रिस्ती श्रद्धेत दुःखाच्या कारणापेक्षा दुःखातल्या सोबतीला अधिक मोल आहे. वधस्तंभावर येशू स्तोत्रसंहितेतल्या बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीच्या शब्दांत, देवाने आपल्याला का सोडले, असा टाहो फोडतो. त्यापूर्वी गेथशेमाने बागेत हा प्याला टळावा म्हणून त्याने विनवणीही केलेली असते. ज्याला देव मानायचे, तोच इथे वेदनेने कळवळतो. त्यामुळे ख्रिस्ती माणसाने रडू नये, तक्रार करू नये, ही अपेक्षाच चुकीची ठरते. बायबलमध्ये विलापगीत नावाचे एक संपूर्ण पुस्तक आहे, आणि स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे गाऱ्हाण्याचीच आहेत.

प्रेषित पौल यापुढे जातो. संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील आणि त्यातून आशा, अशी पायरी तो रोमकरांस लिहिलेल्या पत्रात लावतो. पण त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा निघाला नव्हता. तीनदा विनवूनही तो गेला नाही; कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या करिंथकर पत्राच्या सुरुवातीला तो आणखी एक गोष्ट सांगतो. ज्याचे सांत्वन झाले, तोच दुसऱ्याचे सांत्वन करू शकतो. दुःखाच्या हेतूविषयी नव्या करारात जे जे म्हटले आहे, त्यात हा विचार सर्वांत खरा उतरतो, कारण तो माणसांच्या आयुष्यात तपासून पाहता येतो.

या शिकवणीचा दुरुपयोगही झाला आहे. मार खाणाऱ्या बाईला हा तुझा वधस्तंभ आहे, तो वाहा, असे सांगणारे जगभरच्या मंडळ्यांत होऊन गेले. वधस्तंभ येशूने आपण होऊन पत्करला होता; दुसऱ्याने लादलेला अन्याय निमूट सोसायला लावण्यासाठी त्याचा आधार घेणे हे त्या श्रद्धेशीच बेइमानी करणे आहे. टाळता येण्यासारखे दुःख टाळलेच पाहिजे. येशूने आजाऱ्यांना दुःखाचा महिमा ऐकवला नाही, त्यांना बरे केले.

मराठी ख्रिस्ती परंपरेत दुःखाविषयीचा हा विचार संतांच्या वाटेने आला. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. तुकोबांनी १६३० च्या आसपासच्या दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गमावला, धंदा बुडाला, आणि त्याच आपत्तीबद्दल त्यांनी अभंगांत देवाचे उपकार मानले. टिळकांच्या घरात श्रद्धेची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, अनाथ मुले सांभाळली, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी कुठेही उपदेश न करता सांगितले आहे.

ज्याचे सांत्वन झाले तोच दुसऱ्याचे सांत्वन करू शकतो, या पौलाच्या विचाराचा सर्वांत ठळक मराठी दाखला मात्र पंडिता रमाबाईंचा आहे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण गेली. अन्न संपल्यावर या कुटुंबाने जंगलातला पाला खाऊन दिवस काढले होते. पुढे भाऊ वारला, आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. मांडीवर मनोरमा ही तान्ही मुलगी होती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले; ते पुढे पुण्याला हलले.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या. उपासमारीने हाडे वर आलेल्या आणि दलालांच्या हाती सापडू शकणाऱ्या मुली त्यांनी शेकड्यांनी परत आणल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते, आणि तिकडे जाताना त्यांना आपल्याच दुष्काळाची आठवण झाली, असे त्यांनी लिहिले आहे. प्लेगमुळे पुण्यात मुलींना ठेवणे अवघड झाले आणि केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने गुजरात व खानदेश होरपळले, तेव्हा गुजरातेतूनही मुली केडगावला आल्या. त्यांना विणकाम, शेती, दूधदुभते, छपाई अशी कामे शिकवली गेली. अंध स्त्रियांचे सदन शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तीमयाच्या नावाने ओळखले जाई. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून घेतल्यामुळे तिथल्या बाया बोटांनी वाचू लागल्या. त्यांचे आंधळेपण गेले नाही. त्यावरून त्यांना दोष देणारे मात्र तिथे कोणी नव्हते, आणि वाचायला शिकलेली बाई दुसरीला शिकवू शकत होती.

आईवडील मेले ते मुक्ती उभी राहावी म्हणून, असा अर्थ यातून काढणे क्रूर होईल. दुष्काळ वाईटच होता. देवाने तो वाया जाऊ दिला नाही, एवढीच रमाबाईंच्या आयुष्याची साक्ष आहे, आणि श्रद्धेला तेवढे पुरते.

दुःखाने त्यांची पाठ त्यानंतरही सोडली नाही. तरुणपणापासूनच कमी होत गेलेले ऐकू येणे उतारवयात आणखी कमी झाले. जुलै १९२१ मध्ये संस्थेची धुरा सांभाळणारी मनोरमा चाळिशीतच गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचा अनुवाद चालवला होता. ते काम त्यांनी थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तीतल्या स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेले ते संपूर्ण बायबल त्यानंतर प्रसिद्ध झाले.