बापाची जागा

'आम्ही आजोबांपासून गिरणीचेच' असे शब्द रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ घरांत ऐकू येतात. मुंबईत ताडदेव येथे पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे कोकणातून आगबोटीने जी माणसे गिरण्यांत गेली, त्यांच्यामागून त्यांचे मुलगे व नातूही गेले. बापाने जॉबराकडे शब्द टाकावा, मुलाने बदली म्हणून रोज गिरणीच्या दाराशी उभे राहावे, आणि काही वर्षांनी कायम व्हावे, असा क्रम होता. ह्यावरून प्रश्न उद्भवतो की, एका घराण्याने तीन पिढ्या एकाच धन्याची चाकरी केली, तर धन्यावर त्या घराण्याचे काही ऋण राहते काय?

कोणी म्हणेल, 'ज्याने त्याने आपला पगार घेतला, हिशेब मिटला.' हे वरवर खरे दिसते. गिरणी म्हणजे वतन नव्हे. आजोबांची वर्षे नातवाच्या खाती जमा होत नसत. परंतु हिशेब पुरता मांडून पाहावा. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला, अथवा संप झाला, म्हणजे तो गावी येई. तेथे त्याची बायको भाताचे खाचर व वरकस जमिनीतील नाचणी राखून असे. त्या तुकड्यावर तो जगे, आणि गिरणीचा पुढचा कामगारही तेथेच वाढे. त्या बाईचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. तरी तिच्या कष्टांवाचून तेवढ्या पगारात गिरणीस माणूस मिळाला नसता. जे घेतले, पण ज्याचे मोल दिले नाही, त्यासच आम्ही ऋण म्हणतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या पुढारपणाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तेव्हाही कित्येक कुटुंबांस गावानेच पोसले. संप फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्यांच्या जमिनींचे मोल मात्र चढले. पुढे त्या जमिनींचा काही भाग कामगारांच्या घरांसाठी राखण्याचा नियम झाला, आणि म्हाडाच्या सोडतीत कामगाराचा वारसही पात्र ठरला. ही ऋणाची कबुलीच होय; ती उशिरा आली, व अनेकांच्या हाती अद्याप काही पडले नाही, ही गोष्ट वेगळी.

आईबापांसही आमचे एक सांगणे आहे. ऋण धन्यावर आहे, मुलावर नाही. उद्या लोटे-परशुरामच्या कारखान्यांत बापामागून मुलगा जावयाचा असेल, तर आधी त्यास त्याची इच्छा विचारावी. बापाची जागा वारसा म्हणून द्यावी, वेठ म्हणून देऊ नये.